परतीची वाट : घरच्या संगणकावर लिनक्स ‘वापरून पाहण्याचा’ इतिहास

१/
इतिहास म्हटला की डोळ्यांसमोर किल्ले, ताम्रपट आणि बखरी उभ्या राहतात. आजचा धागा मात्र अवघ्या साडेतीन दशकांच्या इतिहासाचा आहे. लिनक्स ही कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, आपल्या घरच्या संगणकावर उतरवून घेणे आणि ती वापरून पाहणे, एवढ्याच कृतीचा हा इतिहास.

२/
लिनक्सचा प्रचलित इतिहास बहुधा विजयाचा इतिहास असतो. जगातील पहिले पाचशे महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही लिनक्सच आहे. हे सारे खरेच. परंतु घरात एकच संगणक आणि त्यातच सगळ्या कुटुंबाची कागदपत्रे असलेल्या माणसाने ही अनोळखी प्रणाली आपल्या यंत्रात येऊ कशी दिली, हा प्रश्न त्यात सहसा विचारला जात नाही.

३/
मराठीत ‘वापरणे’ आणि ‘वापरून पाहणे’ यांत अंतर आहे. आंबा आपण चाखून पाहतो, सदरा अंगाला लावून पाहतो. या ‘पाहण्या’त एक अट दडलेली असते : पसंत पडले नाही, तर मागे फिरता आले पाहिजे. जिथे परतीची वाट नसते, तिथे आपण ‘पाहत’ नाही, उडी घेतो. लिनक्स घराघरांत पोहोचले ते ही परतीची वाट टप्प्याटप्प्याने बांधली गेल्यामुळे, असे माझे प्रतिपादन आहे. आता क्रमाने पाहू.

४/ हेलसिंकी, १९९१
जानेवारी १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने हप्त्यांवर एक ३८६ संगणक विकत घेतला. मेमरी ४ मेगाबाइट, हार्ड डिस्क ४० मेगाबाइट. त्यावर त्याने ‘मिनिक्स’ बसवले. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी रचलेली ही युनिक्ससारखी छोटी प्रणाली १९८७ मध्ये त्यांच्या पाठ्यपुस्तकाबरोबर प्रसिद्ध झाली होती.

५/
२५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्सच्या चर्चागटात आपण एक मोफत प्रणाली लिहीत असल्याचे, आणि तीही केवळ छंद म्हणून, कळवले. १७ सप्टेंबरला ०.०१ ही आवृत्ती फिनलंडमधील एका एफटीपी सर्व्हरवर ठेवली गेली. टोरवाल्ड्सच्या मनात ‘फ्रीक्स’ हे नाव होते. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांनी फोल्डरला ‘लिनक्स’ नाव दिले आणि तेच रूढ झाले.

६/
ही पहिली आवृत्ती उतरवणे अगदी सोपे होते : शंभर किलोबाइटांहून लहान फाइल, सुमारे १०,००० ओळींचा सोर्स कोड. वापरून पाहणे मात्र जवळजवळ अशक्य. ती बांधून चालवण्यासाठी आधीच मिनिक्स असावे लागे. हार्ड डिस्कचे तपशील कर्त्याच्या यंत्राप्रमाणे लिहिलेले होते आणि कीबोर्डही फिनिश धरलेला होता. थोडक्यात, ही एका माणसाच्या मापाने शिवलेली बंडी होती. दुसऱ्याला हवी असेल, तर त्याने स्वतः उसवून पुन्हा शिवावी.

७/
परतीची वाट नसणे म्हणजे काय, याचा पहिला अनुभव खुद्द कर्त्यालाच आला. १९९१ च्या अखेरीस मोडेमवरून विद्यापीठाला फोन लावताना टोरवाल्ड्सने मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कचे नाव दिले. मोडेमसाठीची आज्ञा डिस्कवर लिहिली गेली आणि त्याचे मिनिक्सचे पार्टिशन निकामी झाले. मिनिक्स पुन्हा बसवायचे की यापुढे फक्त लिनक्सवर राहायचे, या पेचात त्याने दुसरा पर्याय निवडला. आपल्या प्रणालीवर पूर्णपणे विसंबणे त्याला असे अपघाताने भाग पडले!

८/ परवान्यातील एक ओळ
पुढचा टप्पा तांत्रिक नव्हे, कायदेशीर आहे. लिनक्सच्या मूळ परवान्यानुसार ते कोणालाही देता येत होते, पण त्यासाठी पैसे घेण्यास मनाई होती. दिसायला उदात्त अट. मात्र त्या काळी घरी इंटरनेट असणारे लोक मूठभर. बाकीच्यांना फ्लॉपीवर प्रत हवी, आणि फ्लॉपीला, टपालाला, करून देणाऱ्याच्या वेळेला पैसे पडतातच. प्रत करून देण्याचा खर्चही घेता येत नसेल, तर ‘मोफत’ वस्तू विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर पडायची कशी?

९/
जानेवारी १९९२ मध्ये ०.१२ आवृत्तीबरोबर टोरवाल्ड्सने परवाना बदलण्याचे जाहीर केले आणि जीएनयू प्रकल्पाचा जीपीएल स्वीकारला. आता प्रती विकण्यास मोकळीक मिळाली. अट एवढीच की सोर्स कोड आणि त्यात फेरफार करण्याचा अधिकार घेणाऱ्यालाही मिळाला पाहिजे. पुढे फ्लॉपी विकणारे, सीडी छापणारे, मासिकासोबत चकती वाटणारे जे जे आले, ते सारे या बदलाच्या खांद्यावर उभे आहेत.

१०/ फ्लॉपींची चळत
१९९२ मध्ये ‘डिस्ट्रिब्यूशन’ ही कल्पना आकारास आली. नुसता गाभा, म्हणजे कर्नल, काही कामाचा नसतो. त्याच्याभोवतीची साधने जमवून एकत्र देणारा कोणीतरी हवा. मँचेस्टरच्या संगणक केंद्राने फेब्रुवारी १९९२ मध्ये असा एक संच दिला. त्याच वर्षी ‘एसएलएस’ आले. जुलै १९९३ मध्ये पॅट्रिक व्होल्करडिंग यांचे ‘स्लॅकवेअर’ आणि ऑगस्टमध्ये इयान मर्डॉक यांच्या ‘डेबियन’ची घोषणा. हे शेवटचे दोन्ही प्रकल्प आजही हयात आहेत.

११/
स्लॅकवेअरची १.०० आवृत्ती साडेतीन इंची २४ फ्लॉपींची होती. जरा हिशेब मांडू. एका फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट. १४.४ किलोबिट वेगाचा मोडेम विनाअडथळा चालला, तर एका फ्लॉपीचा ऐवज उतरायला सुमारे पावणेचौदा मिनिटे. चोवीस फ्लॉपींना साडेपाच तास. मोडेम जुना, २४०० बिटचा असेल, तर जवळजवळ ३३ तास. तितका वेळ घरचा फोन अडकलेला आणि बिलाचा आकडा चढता.

१२/
उतरवल्यानंतर डॉसमधील ‘रॉराइट’ या छोट्या प्रोग्रॅमने प्रत्येक फाइल फ्लॉपीवर जशीच्या तशी लिहायची, पहिल्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचे आणि मागणी येईल तशा एकेक आत सरकवायच्या. सतरावी फ्लॉपी खराब निघाली की सारे तिथेच थांबणार. मग ती फाइल पुन्हा उतरवायची, तीही त्याच यंत्रावरून. पण त्या यंत्रावर आता ना पूर्ण डॉस, ना पूर्ण लिनक्स.

१३/ वाड्यातील भिंत
खरा धोका याहून खोल होता. विकत आणलेल्या संगणकात सगळी हार्ड डिस्क बहुधा डॉसने किंवा विंडोजने व्यापलेली असे. लिनक्सला जागा द्यायची, तर डिस्कचे वाटे पाडायचे, म्हणजे पार्टिशन करायचे. ‘एफडिस्क’ने हे करताना आधीचे सगळे पुसले जाई. भावाला दोन खोल्या द्यायच्या म्हणून आधी सबंध वाडा पाडून नवा बांधावा, तशातला हा प्रकार. म्हणून त्या काळच्या मार्गदर्शिका पहिल्याच पानांवर बजावत : आधी सगळ्याची प्रत काढून ठेवा.

१४/
यावर दोन उपाय निघाले, आणि माझ्या मते परतीच्या वाटेचे ते पहिले दगड आहेत. पहिला ‘फिप्स’. डिस्कवर विखुरलेली माहिती डीफ्रॅगने एका टोकाला गोळा करायची, मग उरलेल्या रिकाम्या जागेपाशी फिप्स नवी सीमा आखून देई. वाडा न पाडता मधे भिंत घालण्याची ही युक्ती. फिप्स सुरुवातीच्या नोंदींची प्रत फ्लॉपीवर ठेवण्याचीही सोय देई, म्हणजे काही बिनसल्यास भिंत पुन्हा काढता यावी.

१५/
दुसरा उपाय ‘यूएमएसडॉस’. यात वाटणीच नाही. डॉसच्याच डिस्कवर एका फोल्डरमध्ये सबंध लिनक्स नांदत असे. ‘लोडलिन’ हा प्रोग्रॅम डॉसमधूनच ते सुरू करी. वेग कमी, पण नको झाले की फोल्डर पुसून मोकळे. लिनक्स येथे मालक म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून घरात आले. तंत्रज्ञांनी अशा तडजोडींना नाके मुरडली असतील. नवख्यांसाठी मात्र हाच उंबरठा होता.

१६/ भारतातील वाट
भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. डायल-अपवरून शेकडो मेगाबाइट उतरवणे ही कल्पनाच महागडी होती. पुढे ५६ किलोबिटचे मोडेम आले, तरी ७०० मेगाबाइटची एक सीडी आदर्श वेगानेही उतरायला २९ तास लागले असते. आणि आदर्श वेग कोणाच्या नशिबी होता? त्यामुळे आपल्याकडे लिनक्स तारेवरून कमी आणि हातोहात अधिक पसरले.

१७/
यात ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाचा वाटा मोठा. १९९६ पासून त्याने अंकासोबत लिनक्सची सीडी देण्यास सुरुवात केली. बंगळूरचे अतुल चिटणीस या उपक्रमाचे प्रमुख शिल्पकार होते. मासिक वाचनालयातून, मित्राकडून, रद्दीतूनही मिळते आणि त्यासोबत चकतीही फिरते. पुण्या-मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचे गट तयार झाले. जगभरच्या अशा गटांची एक प्रथा होती ‘इन्स्टॉलफेस्ट’ : आपला संगणक उचलून आणायचा आणि जाणत्यांच्या देखत लिनक्स बसवायचे. येथे परतीची वाट म्हणजे शेजारी बसलेला अनुभवी माणूस.

१८/
तरीही अडचण मूळचीच राहिली. आपल्या मध्यमवर्गीय घरात संगणक ही तेव्हा मोठी खरेदी. त्यावर वडिलांचे हिशेब, ताईचा प्रकल्प, धाकट्याचे खेळ. कुतूहल एकाचे आणि जोखीम सगळ्यांची. एका चुकीच्या कळीने सगळे पुसले गेले, तर त्या घरात लिनक्सचे नाव पुन्हा निघणे कठीण. नव्या प्रणालीचा प्रसार तिच्या गुणांइतकाच अशा घरगुती भीतीवरही ठरतो, हे इतिहासकाराने नजरेआड करू नये.

१९/ चकतीवरून चालणारी प्रणाली
लिनक्स सीडीवरूनच चालवण्याची कल्पना जुनी होती. ‘इग्ड्रासिल’ या कंपनीने १९९२ च्या डिसेंबरमध्येच सीडीवरील लिनक्सची प्राथमिक आवृत्ती आणली होती. पण तेव्हा सीडी ड्राइव्ह महाग, मेमरी तुटपुंजी. योग्य वेळ आली ती २००० मध्ये, जेव्हा जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी ‘क्नॉपिक्स’ प्रसिद्ध केले.

२०/
क्नॉपिक्सची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. सुमारे दोन गिगाबाइटची सामग्री दाबून ७०० मेगाबाइटच्या सीडीत भरलेली. लागेल तेवढाच भाग त्या क्षणी उलगडायचा. यंत्रातील पडदा, ध्वनी, नेटवर्क यांची उपकरणे स्वतःच ओळखायची. बदल लिहायचे ते मेमरीत. हार्ड डिस्क मात्र मुळात ‘फक्त वाचण्यासाठी’ जोडायची. संगणक बंद करून सीडी काढली की मागे काही उरत नसे.

२१/
कोणताही वाटा न पाडता, काहीही न पुसता, अर्धा तास लिनक्स चालवून पाहायचे आणि उठून जायचे! मराठीतील ‘पाहणे’ या क्रियापदाला पात्र ठरेल अशी कृती येथे पहिल्यांदा सर्वसामान्यांच्या हाती आली. गंमत अशी, की हीच सीडी बिघडलेल्या विंडोज यंत्रातून फोटो आणि कागदपत्रे वाचवण्यासाठी वापरली जाऊ लागली. डेटा घालवणारी प्रणाली म्हणून ज्याची धास्ती होती, ते आता डेटा वाचवणारे साधन झाले.

२२/
२० ऑक्टोबर २००४ रोजी मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकाराने ‘उबंटू’ची पहिली आवृत्ती आली. तिच्या ‘शिपइट’ योजनेत मागणी नोंदवली की सीडीचे पाकीट घरपोच, तेही टपालखर्चासह मोफत. भारतातही अशी पाकिटे आली. मंद इंटरनेटवर याहून साधा तोडगा नव्हता. ही योजना २०११ मध्ये थांबली. तोवर ब्रॉडबँड आणि पेन ड्राइव्ह रुळले होते.

२३/
जून २००६ च्या ६.०६ आवृत्तीत उबंटूने आणखी एक पाऊल टाकले. तोवर चालवून पाहण्याची सीडी वेगळी आणि बसवण्याची वेगळी होती. आता दोन्ही एक झाल्या : आधी पाहा, आवडले तर तिथूनच बसवा. पुढे आलेले ‘ट्राय’ आणि ‘इन्स्टॉल’ हे दोन शेजारी पर्याय आज आपण क्षणात ओलांडतो. त्या दोन शब्दांमागे पंधरा वर्षांची खटपट आहे.

२४/ भाषा हाही उंबरठा
पडद्यावर आलेले वाचता आले नाही, तर ‘पाहणे’ अपुरे. सोर्स कोड खुला असल्याने भाषांतरासाठी कोणा कंपनीच्या बाजारगणिताची वाट पाहावी लागली नाही. रेड हॅटने खुले केलेले ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फाँट, ग्नोमसारख्या डेस्कटॉपचे मराठी भाषांतर, सी-डॅकने २००७ मध्ये आणलेले ‘बॉस लिनक्स’ ही त्याची उदाहरणे. ‘लोहित’ म्हणजे संस्कृतात तांबडा. कंपनीच्या नावाशी जुळणारा हा श्लेष रसिकांना आवडावा.

२५/ विश्वासाचा प्रश्न
उतरवणे सोपे झाले, तसा नवा प्रश्न उभा राहिला : जे उतरवले ते अस्सल आहे कशावरून? फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘लिनक्स मिंट’च्या संकेतस्थळात घुसखोरांनी शिरकाव केला आणि १७.३ आवृत्तीच्या दुव्यामागे छुपे दार असलेली बनावट फाइल लावली. म्हणूनच प्रत्येक फाइलसोबत ‘चेकसम’ दिलेला असतो. फाइलमधील एक अक्षर बदलले, तरी हा आकडा पार बदलतो.

२६/
आपण सनदेवरील शिक्का पारखतो, तोच हा व्यवहार. मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते की सनद आणि शिक्क्याचा नमुना एकाच संशयित दप्तरातून आला, तर पडताळणीला अर्थ उरत नाही. संकेतस्थळच ताब्यात गेले, तर तेथील चेकसमही बदलता येतो. म्हणून त्या आकड्यावर विकासकांची डिजिटल स्वाक्षरी असते आणि तीही तपासावी. साधनचिकित्सा ती हीच.

२७/ दारावरील कुलूप
२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ सर्वत्र आले. यंत्र सुरू होताना फक्त मान्यताप्राप्त स्वाक्षरी असलेला प्रोग्रॅमच चालेल, असा हा नियम. हेतू सुरक्षेचा; पण घरच्या संगणकांत सर्रास मान्य असणारी किल्ली मायक्रोसॉफ्टची. मॅथ्यू गॅरेट आदी विकासकांनी ‘शिम’ हा छोटा दुवा रचला, त्यावर मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी घेतली आणि त्यामार्गे फेडोरा, उबंटू आत येऊ लागले.

२८/
येथे प्रश्न बदलतो. १९९३ मध्ये विचार होता, ‘माझे काही बुडेल का?’ आता प्रश्न झाला, ‘माझ्या यंत्रावर काय चालवून पाहायचे, हे ठरवणार कोण?’ घरच्या नेहमीच्या संगणकांत सिक्युअर बूट बंद करण्याची मुभा राहिली. परंतु त्याच सुमाराच्या एआरएम चिपवरील विंडोज उपकरणांत ती ठेवली नव्हती. तंत्र तयार असूनही परतीची वाट बाहेरून बंद करता येते, हा या टप्प्याचा धडा.

२९/ आजचा क्षण
१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप आणि तुलनेने नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळे चालू स्थितीतील कितीतरी संगणक कागदोपत्री ‘जुने’ ठरले. ज्या घरात दुसरा संगणक घेणे सोपे नाही, तिथे लिनक्स वापरून पाहणे हा आता निव्वळ हौसेचा विषय उरत नाही. हाती असलेले यंत्र टिकवण्याचा तो एक मार्ग ठरतो.

३०/
आज ही कृती चार पायऱ्यांची आहे, आणि प्रत्येक पायरी उत्खननातील थरासारखी वाचता येते. आयएसओ फाइल उतरवणे : हा १९९२ च्या परवान्याचा थर. चेकसम आणि स्वाक्षरी तपासणे : अविश्वासातून शिकलेला थर. पेन ड्राइव्हवर लिहिणे : रॉराइट आणि फ्लॉपींचा वारसा. ‘ट्राय’ निवडून डिस्कला हात न लावता चालवणे : क्नॉपिक्सचा थर.

३१/
भिंतीचा थर मात्र अजून जिवंत आहे. ‘इन्स्टॉल’ निवडले की पार्टिशनचा प्रश्न पुन्हा समोर येतो, आणि चूक झाली तर डेटा आजही जातो. अनेक नव्या विंडोज यंत्रांत डिस्क कूटबद्ध असते; सिक्युअर बूटमध्ये बदल केल्यास बिटलॉकरची रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधी नोंदवून ठेवावी. आणि पेन ड्राइव्हवर आयएसओ लिहिताना त्यातील जुने सगळे पुसले जाते, हेही ध्यानात असू द्यावे. मार्गदर्शिकांचे जुने वाक्य शिळे झालेले नाही : आधी प्रत काढा.

३२/
समारोप. मोठ्या घोषणांनी माणसे नव्या वाटेला लागतात, असे इतिहासाची पुस्तके पुष्कळदा सांगतात. लिनक्सच्या या छोट्या इतिहासात वेगळे दिसते. परवान्यात पैसे घेण्याची मुभा, डिस्कवर सरकवता येणारी सीमा, काही न लिहिणारी चकती, घरपोच आलेले पाकीट, शेजारी बसलेला जाणता मित्र : या सगळ्यांनी माणसाला एकच हमी दिली, ‘नको वाटले तर परत जा.’ ती हमी मिळाली, तेव्हा पुष्कळांनी परत जाण्याची गरजच उरली नाही असे ठरवले. काही परत गेले, तेही बिनघोर.

३३/
म्हणून पुढच्या वेळी कोणतेही नवे यंत्र, नवे तंत्र किंवा नवी सेवा समोर आली, तर तिच्या गुणांची यादी वाचण्याआधी इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारावा : यातून परतीची वाट आहे का, आणि तिची किल्ली कोणाच्या हाती आहे?

धागा समाप्त.